मासेमारीचे प्रकल्प : मदत कोणाची, मासा कोणाचा?

(संस्थेच्या वार्षिक अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा मागच्या बाकांवरचे काही विद्यार्थी हसले. आम्ही ते पाहिले आणि आम्हालाही हसू आले. बुलडाणा जिल्ह्यातून समुद्र पाहायचा तर रात्रभर एस.टी.त बसावे लागते. खाऱ्या पाण्याशी आपला संबंध काय तो लोणारपुरता. अशा ठिकाणी बसून समुद्रकिनाऱ्यावरच्या मच्छीमारांना मिळालेल्या मदतीची चर्चा कशासाठी, असे कोणालाही वाटेल.

त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात संस्थेकडे एक प्रस्ताव आला. आपल्याच तालुक्यातील एका पाझर तलावात मत्स्यपालन करण्यासाठी एक देणगीदार संस्था आपल्या वस्तीतील महिला बचत गटाला पैसे द्यायला तयार आहे. जाळी, तराफे, मत्स्यबीज, बर्फाच्या पेट्या, प्रशिक्षण, सारे त्यात धरलेले आहे. कार्यकारिणीतील बहुतेकांचे मत अनुकूल आहे. आम्हीही विरोधात नाही. परंतु होकाराचे पत्र जाण्यापूर्वी असा पैसा इतरत्र आला तेव्हा तेथे काय घडले, हे सर्वांनी मिळून एकदा पाहावे एवढीच आमची विनंती होती. ती मान्य झाली म्हणून आज उभे आहोत.

आपला जिल्हा मासेमारीचा नाही हे अर्धेच खरे आहे. नळगंगा, ज्ञानगंगा, मन, पेनटाकळी, खडकपूर्णा ही धरणे आपल्याकडे आहेत आणि लहान पाझर तलाव तर गावोगाव आहेत. या पाण्यावर भोई समाजाची कितीतरी कुटुंबे पोट भरतात. धरण बांधले गेले ते शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी. त्यातल्या माशाचा विचार कागदावर मागाहून आला. त्यामुळे पाणी एका खात्याचे, मासा दुसऱ्या खात्याचा, ठेका तिसऱ्याचा आणि कष्ट चौथ्याचे, अशी वाटणी होऊन बसली.

ही वाटणी आम्हाला पुस्तकातून कळली नाही. २००७ साली आम्ही दोन-तीन शिक्षक मित्रांनी असाच एक प्रकल्प आपल्या भागात आणला होता. ती हकिगत आजवर आम्ही कोणत्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही. आज सांगतो.

तलाव लहान होता. एका बाहेरच्या संस्थेकडून दोन लाखांच्या आसपास मदत मिळाली. अर्ज आम्हीच लिहिला होता आणि तो चांगला लिहिला होता. इतका चांगला की वाचणाऱ्याला तलाव डोळ्यांपुढे दिसावा. त्या तलावावर उन्हाळ्यात किती पाणी राहते, हे मात्र आमच्यापैकी कोणीही जाऊन पाहिलेले नव्हते. पैसे मंजूर होऊन हाती यायला पावसाळा उलटला. बीज सोडायचे ते श्रावण-भाद्रपदात. आमचे बीज दिवाळीच्या तोंडावर आले. बोटाएवढी बोटुकली मागवली होती, आले ते त्याहून बारीक. मरळीसारख्या शिकारी माशाला ती न्याहारीच झाली.

बीज सोडण्याच्या दिवशी समारंभ होता. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून बीज येते हे आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. ती पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवायची असते, म्हणजे आतले आणि बाहेरचे पाणी सारख्या तापमानाला येते. नंतर तोंड उघडून हळूहळू बाहेरचे पाणी आत घ्यायचे आणि मासळीला आपण होऊन बाहेर जाऊ द्यायचे. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे होते. छायाचित्रासाठी पिशव्या उंचावरून एकदम ओतल्या गेल्या. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी पोटे वर करून पडलेले बीज बायकांनी पाट्यांनी गोळा केले.

तरीही काही मासा जगला आणि वाढला. मार्चमध्ये पाणी उतरू लागले तसा तो दिसू लागला. बायकांचा उत्साह परत आला. आणि एका पहाटे चार माणसे मोठे जाळे घेऊन आली व मासा काढून घेऊन गेली. त्यांच्याजवळ कागद होता. तलावाचा ठेका पाच वर्षांसाठी एका सहकारी संस्थेच्या नावावर होता आणि त्या संस्थेच्या नावाआड मासा नेणारा व्यापारी निराळाच होता. आमच्याजवळ काय होते? मंजुरीचे पत्र, गटाचे पासबुक आणि समारंभाची छायाचित्रे. पाण्यावरचा हक्क नव्हता. अर्जाच्या नमुन्यात त्याचा रकानाच नव्हता आणि आम्हालाही ते विचारावेसे वाटले नाही.

मदतीत एक डीप फ्रीझरही मिळाला होता. त्या वर्षांत आपल्याकडे भारनियमन किती होते ते आठवा. तो फ्रीझर अजून गावात आहे. गटातल्या एका बाईंच्या घरी त्यात ज्वारी ठेवतात. उंदीर लागत नाहीत म्हणतात.

पलीकडच्या आळीत भोई समाजाची सहा-सात घरे होती. पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर जाळे टाकणारी माणसे. त्यांना आम्ही एका शब्दाने विचारले नव्हते. सगळे संपल्यावर तेथील एक वृद्ध गृहस्थ आम्हाला रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "गुरुजी, पानी सरकारचं, बीज तुमच्या सायबाचं. मासा कोनाचा, हे कोनी इचारलंच नाही." आम्ही त्यांना उत्तर देऊ शकलो नाही.

सभागृहातील विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट आठवावी. मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव १९२३ साली मंजूर झाला आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठरावाने ओंजळभरही पाणी मिळाले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जावे लागले आणि पुढे दहा वर्षे न्यायालयात झगडावे लागले. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत केवढे अंतर असते हे ज्यांना घरातच शिकायला मिळाले, त्या आम्ही तलावावरचा हक्क विचारला नाही, आणि शेजारच्या आळीचा हक्क तर विचारातही घेतला नाही. या गोष्टीची लाज आम्हाला मासा गेल्यापेक्षा जास्त वाटते.

आता किनाऱ्याकडे वळू. परदेशी मदतीने मासेमारी सुधारण्याचा आपल्या देशातला सर्वांत मोठा आणि जुना प्रयोग केरळातला. ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत सरकार, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला. तेव्हाच्या त्रावणकोर-कोचीन राज्यात क्विलॉनजवळ, म्हणजे आजच्या कोल्लमजवळ, नीण्डकरा आणि शक्तिकुलंगरा परिसरातील मच्छीमार गावे त्यासाठी निवडली गेली. नॉर्वेसारख्या युद्धातून नुकत्याच सावरलेल्या देशातल्या सामान्य लोकांनी यासाठी वर्गणी दिली होती. हेतू शुद्ध होता. मच्छीमाराला लहान यांत्रिक होडी मिळावी, त्याला जास्त मासा मिळावा, तो गावातच खाल्ला-विकला जावा आणि त्याचे जीवनमान उंचवावे. बोटींबरोबर दवाखाना, पिण्याच्या पाण्याची योजना, बर्फाचा कारखाना हेही आले. दवाखाना आणि स्वच्छ पाणी यांचा गावाला खरा उपयोग झाला, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मदतीतून आलेले सगळेच वाया जाते असे म्हणणारी एक जात आहे. आम्ही त्या जातीचे नाही.

पण बोटींचे काय झाले? काही वर्षांतच असे दिसले की यांत्रिक बोटीचा खर्च भागवायला साधा मासा पुरत नाही. त्याच सुमारास परदेशात कोळंबीला मोठा भाव आला. अमेरिका आणि जपान येथे गोठवलेली कोळंबी जाऊ लागली. समुद्राच्या तळावरून जाळे ओढणारे ट्रॉलर आले. प्रकल्पातील बोटबांधणी, इंजिने, बर्फ, शीतगृहे हे सारे आयतेच तयार होते. ते घ्यायला भांडवलवाले पुढे आले आणि त्यांतले कितीतरी कधी समुद्रावर न गेलेले होते. प्रकल्पाची सूत्रे १९७२ साली भारतीयांकडे सोपवली गेली, तेव्हा आकडे उत्तम दिसत होते. उत्पादन वाढले होते, निर्यात वाढली होती. मात्र ज्याच्या नावाने प्रकल्प झाला तो वल्हवणारा मच्छीमार किनाऱ्याजवळ रिकामे जाळे घेऊन ट्रॉलरकडे पाहत उभा होता. सत्तरच्या दशकाअखेर समुद्रावर मारामाऱ्या झाल्या, बोटी जाळल्या गेल्या. केरळ सरकारला १९८० साली मासेमारी नियमनाचा कायदा करावा लागला आणि १९८८ पासून पावसाळ्यात ट्रॉलरना बंदी घालावी लागली. ही पावसाळी बंदी पारंपरिक मच्छीमारांनी उपोषणे आणि रास्ता रोको करून मिळवलेली आहे. कोणत्याही प्रकल्प-अहवालातून ती निघालेली नाही.

मग हा प्रकल्प यशस्वी म्हणायचा की अयशस्वी? परीक्षेत असा प्रश्न आला तर विद्यार्थ्यांनी आधी उलट विचारावे : कोणासाठी? किलोने मोजले तर यशस्वी. ज्याच्या नावाने पैसा आला त्याच्या घरी जाऊन मोजले तर उत्तर दुसरे येईल.

याच नॉर्वेचा दुसरा प्रयोग आफ्रिकेत, केनिया देशातल्या तुर्काना सरोवरावर झाला. तो थोडक्यात सांगतो. तुर्काना हे गुरे-शेळ्या-उंट पाळणारे लोक. ज्याची गुरे गेली तो मासा धरतो, अशी त्यांच्यातली समजूत. दुष्काळात गुरे मेली म्हणून त्यांना मच्छीमार करायचे ठरले आणि कालोकोल येथे मासा गोठवण्याचा कारखाना बांधला गेला. १९८१ मध्ये तो तयार झाला. खर्च सुमारे २ कोटी २० लाख डॉलर. रणरणत्या वाळवंटात मासा गोठवायला लागणारी वीज आणि स्वच्छ पाणी यांचा खर्च माशाच्या किमतीहून जास्त आहे, हे कारखाना चालू केल्यावर थोड्याच दिवसांत कळले. तो बंद पडला. पुढे ज्या आखातात मासा मिळे तेही पाणी ओसरून आटले. आमच्या दोन लाखांच्या फ्रीझरची गोष्ट आम्ही मनावर दगड ठेवून सांगितली, पण तुर्कानाची वाचल्यावर थोडा धीर आला. शहाण्यासुरत्या देशांकडूनही ज्वारीच्या कोठ्या बांधल्या जातात.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी तर बहुतेकांना आठवत असेल. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हजारो होड्या फुटल्या आणि जगभरातून मदत आली. होडी ही देणगीदाराला आवडणारी वस्तू. तिच्यावर नाव रंगवता येते, छायाचित्र चांगले येते. जो तो होड्याच देऊ लागला. अनेक गावांत त्सुनामीपूर्वी होत्या त्याहून अधिक फायबरच्या होड्या झाल्या. पूर्वी एका होडीवर चौघे जात, आता प्रत्येकाच्या नावे होडी आणि सोबत यायला कोणी नाही. काही होड्या इतक्या कच्च्या होत्या की लाटांवर टिकल्या नाहीत. आणि बाजारात मासा विकणाऱ्या बायका, ज्यांची टोपली, तराजू आणि उधारीची वही वाहून गेली होती, त्या यादीत फार उशिरा आल्या. टोपलीवर नाव रंगवता येत नाही.

एवढे ऐकून वाटेल की पैसा येणे हेच संकट. तसे नाही. त्याच केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर एक निराळे उदाहरण उभे राहिले आणि आमच्या मते आज सर्वांत जास्त शिकण्यासारखे तेच आहे. तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला मरियानाड नावाचे गाव आहे. साठच्या दशकाअखेर तेथे काही समाजकार्यकर्ते मच्छीमारांबरोबर राहू लागले. ते आल्याबरोबर त्यांनी होड्या वाटल्या नाहीत. मच्छीमार गरीब का, हे पाहत बसले. मासा मिळत होता. पण तो किनाऱ्यावर येताक्षणी व्यापाऱ्याचा होत होता, कारण जाळ्यासाठी कर्ज त्याच्याकडूनच घेतलेले. भाव तो ठरवणार, वजन तो करणार, पैसे तो देईल तेव्हा. कर्ज कधी फिटत नसे, कारण ते फिटणे व्यापाऱ्याच्या सोयीचे नव्हते. आपल्याकडे कापसाची आणि सावकाराची गोष्ट ज्यांनी आजोबांकडून ऐकली आहे त्यांना हे वेगळे समजावायला नको.

म्हणून तेथील संस्थेने एकच काम हाती घेतले. किनाऱ्यावरचा पहिला लिलाव आपल्या हातात. होडी वाळूला लागली की संस्थेचा माणूस मासळीचा लिलाव करी. व्यापाऱ्याने घ्यावे, पण भाव उघड बोलून. पैसे वसूल करायची जबाबदारी संस्थेची. विक्रीतून ठराविक टक्के कर्जफेडीला, थोडे बचतीला आणि थोडे संस्थेच्या खर्चाला कापले जात. मासा जास्त मिळाला तर हप्ता जास्त, मिळाला नाही तर हप्ताही नाही. समुद्राच्या लहरीप्रमाणे चालणारे कर्ज! कोणत्या बँकेच्या फॉर्मात हे बसले असते? आणि सभासदत्वाचा नियम कडक होता : जो स्वतः समुद्रावर जातो तोच सभासद. व्यापारी नाही, सावकार नाही, पुढारी नाही. अशा गावोगावच्या संस्था मिळून १९८० साली दक्षिण भारतीय मच्छीमार संस्थांचा महासंघ स्थापन झाला. तो ‘सिफ्स’ या नावाने ओळखला जातो.

बाहेरची मदत त्यांनीही घेतली. पण ती आली तेव्हा घेणारे हात तयार होते. लाकडाचे ओंडके महाग झाल्यावर प्लायवूडच्या होड्या बांधण्याचे तंत्र बाहेरून आलेल्या तंत्रज्ञांनी आणि मच्छीमारांनी किनाऱ्यावर बसून घडवले. होडी लाटेवर नीट चढेना तर तिचा आकार पुन्हा बदलला. फुकट कोणाला काही मिळाले नाही. ज्याने होडी घेतली त्याने लिलावातून तिचे पैसे फेडले. दोषही होते. होड्या वाढल्या, इंजिने वाढली, मासा मात्र समुद्रात तेवढाच. हा पेच तेथेही सुटलेला नाही. परंतु तो पेच सोडवायला बसणारी संस्था त्यांची स्वतःची आहे, हा फरक लहान नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे उदाहरण सिंधुदुर्गाचे. २०११ नंतरच्या काही वर्षांत तेथे केंद्र व राज्य शासन, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या पैशातून सागरी जैवविविधतेचा एक प्रकल्प चालला. त्यातली एक गोष्ट फार साधी आहे. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटी जो खोळा असतो त्याचे आस नेहमीच्या जाळ्यात शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. जाळे ओढले की ते ताणून मिटतात आणि बोटभर पिल्लूही बाहेर जाऊ शकत नाही. त्याऐवजी चौकोनी आसाचा खोळा लावला तर ओढतानाही भोके उघडी राहतात आणि पिल्ले निसटतात. सगळे जाळे बदलायचे नाही, बोट बदलायची नाही, फक्त शेपटाकडचा तुकडा. ज्या तांडेलाला रोज ढीगभर निरुपयोगी पिल्ले निवडत बसावे लागे त्याला त्यात स्वतःची सोय दिसली. मात्र शेजारचा बोटवाला जुनाच खोळा लावत असेल तर आपण सोडलेले पिल्लू त्याच्या जाळ्यात जाते. म्हणून हे एकट्याने करण्याचे काम नाही, नियम सर्वांना लागावा लागतो.

दुसरी गोष्ट वेंगुर्ल्याची. तेथील मच्छीमार घरांतल्या महिलांच्या स्वामिनी बचत गटाने २०१७ साली मांडवी खाडीत कांदळवनाची सफर सुरू केली. होडी त्याच वल्हवतात, झाडांची नि पक्ष्यांची माहिती त्याच देतात. खाडी त्यांच्या पायाखालची, होडी त्यांच्या हाताला सवयीची. प्रशिक्षणाने फक्त जे होते त्याला धार लावली. याउलट खेकडापालनाचे काम अवघड आहे. खेकडा (तिकडे कुर्ली म्हणतात) कात टाकतो तेव्हा मऊ पडतो आणि शेजारचा खेकडा त्याला खातो. पिल्ले तमिळनाडूतील उबवणी केंद्रातून आणावी लागत. २०१७ साली राज्याने कांदळवन क्षेत्रातील गटांसाठी योजना आणली, तीत ९० टक्के शासनाचे आणि १० टक्के गटाचे असे प्रमाण ठेवले. योजना चांगली. पण पिल्लू हजार किलोमीटरवरून यायचे असेल तर गटाचे भवितव्य त्या रस्त्यावर अवलंबून राहते. आमच्या दिवाळीतल्या बीजाप्रमाणेच.

समुद्र सोडून आपल्यासारख्या धरणाच्या पाण्याचे उदाहरण हवे तर मध्य प्रदेशातले तवा धरण पाहावे. धरणात ज्यांची गावे बुडाली त्या आदिवासींना त्याच पाण्यात मासा धरायला बंदी, ठेका बाहेरच्यांकडे. त्यांनी संघर्ष केला आणि १९९६ साली तवा मत्स्य संघाला पाच वर्षांसाठी हक्क मिळाला. संघाने पावसाळ्यातला बंदकाळ पाळला, दरवर्षी बीज सोडले, मासा धरणाऱ्याला आधीपेक्षा चांगला दर दिला. २००१ साली मुदत वाढली. २००६ च्या अखेरीस ती संपली आणि वन्यजीव क्षेत्राच्या कारणावरून पुढे मिळाली नाही. दहा वर्षे उत्तम चाललेले काम एका कागदाच्या मुदतीवर थांबले. चांगली संस्था, चांगला मासा, चांगला हिशेब असूनही हक्काची मुदत दुसऱ्याच्या हाती असेल तर काय होते, ते यावरून कळते.

आमच्या विदर्भातच भंडारा-गोंदियाकडे ढिवर समाजाच्या लोकांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने, जुन्या मालगुजारी तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, बेशरम उपटून काढली आणि देशी मासा परत आणला. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे त्या लोकांनाच ठाऊक होते. तेथे पैसा सर्वांत कमी लागला आणि माहिती सर्वांत जास्त.

आता आपल्या प्रस्तावाकडे येतो. तो आम्ही दोनदा वाचला. छान टंकलिखित आहे. देणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. परंतु या तलावाचा ठेका आज कोणाच्या नावावर आहे आणि तो कधी संपतो, हे त्यात कोठेही नाही. ते समजल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात तलावात किती पाणी राहते, हेही नाही. आठ-नऊ महिने पाणी टिकत असेल तर मोठी बोटुकली सोडून मासा विकण्याजोगा होऊ शकतो. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिन्ही सोडले तर पाण्याचा सगळा उपयोग होतो. पण पाणी फेब्रुवारीतच संपत असेल तर कटल्याचे गणित मांडण्यात अर्थ नाही. बीजाची तारीख देणगीच्या आर्थिक वर्षावर ठरलेली दिसते. ती पावसावर ठरली पाहिजे. देणगीदाराला हे लिहून कळवावे, त्यात संकोच कसला? १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून बीजासाठी नदीच्या पुराची वाट पाहावी लागत नाही. मग मनिऑर्डरीची वाट का पाहावी?

प्रस्तावात दहा टक्के लोकवर्गणी आहे. लोकवर्गणी कशी जमते हे सभागृहात सर्वांना ठाऊक आहे. कधी ती कागदावरच जमते, कधी बिलातून निघते, आणि कधी गटातली बाई ती भरायला खाजगी फायनान्सकडून व्याजाने पैसे काढते. या तिसऱ्या प्रकाराला आमचा सक्त विरोध आहे. त्यापेक्षा वर्गणी श्रमाची असावी. काठ साफ करणे, पहारा देणे, वही लिहिणे हे श्रम धरावेत. शासनाच्या योजनांचाही विचार व्हावा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के, इतरांसाठी ४० टक्के अनुदान ठेवले गेले. पण अनुदानाचा उरलेला हिस्सा कोठून येणार, हा प्रश्न तेथेही उभाच असतो.

बर्फाच्या पेट्या चालतील. फ्रीझर यादीतून काढावा, अशी आम्ही नम्र सूचना केली आहे. का, ते आता सर्वांना माहीत आहे.

आणि मासा कोठे विकणार? आठवडी बाजारात जिचे फडके आधीपासून मांडलेले असते, त्या भोई समाजाच्या बाईशी आपला गट स्पर्धा करणार की भागीदारी? प्रस्तावात ‘लाभार्थी : महिला बचत गट, एकूण १२’ असे लिहिले आहे. भोई आळीतल्या कुटुंबांचा उल्लेख नाही. २००७ च्या आमच्या अर्जातही नव्हता. त्यांच्याकडे जाळे विणण्याची कला आहे, कोणत्या कोपऱ्यात मरळ बसते ते ज्ञान आहे. आपल्या गटाकडे हिशेब लिहिणाऱ्या मुली आहेत, बँकेत जायची सवय आहे. एकत्र आलो तर ठेका संपेल तेव्हा दोघांच्या नावे अर्ज करता येईल. ते तयार होतील की नाही आम्हाला सांगता येत नाही. मागच्या वेळचे त्यांच्या लक्षात आहे.

म्हणून कार्यकारिणीला आमची विनंती अशी आहे की होकाराचे पत्र पंधरा दिवस थांबवावे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही तलावावर जाणार आहोत आणि तेथून भोई आळीत. अध्यक्षांनी येण्याचे कबूल केले आहे. बचत गटाच्या तीन भगिनी येणार आहेत. विद्यार्थ्यांपैकी चौघे-पाच हवे आहेत, कारण पाण्याची खोली मोजायला लांब बांबू आणि दोरी घेऊन उतरावे लागेल आणि आमचे गुडघे आता त्या कामाचे राहिलेले नाहीत. ज्यांना पोहता येते त्यांनीच नावे द्यावीत. वही आणावी. ते वृद्ध गृहस्थ आता नाहीत, पण त्यांचा मुलगा तलावावर येतो असे कळले आहे. त्याला आधी निरोप पाठवला आहे की आम्ही सांगायला नाही, विचारायला येत आहोत.